बारा जणींचा संघ, सात जणींचा खेळ

कबड्डीच्या संघात बारा जणी असतात आणि मैदानात सात उतरतात. उरलेल्या पाच जणींना ‘राखीव’ म्हणतात. शाळेच्या यादीत त्यांची नावे शेवटी असतात. स्पर्धेच्या गावी जाताना त्याही सगळ्यांबरोबर गाडीत दाटीवाटीने बसतात, शाळेच्या नावाचा जयजयकार करतात, आणि सामना सुरू झाला की रेषेबाहेर बसून बाकीच्यांच्या चपला, ओढण्या आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळतात. आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात मुलींच्या बैठका घेताना अशा राखीव पोरी मला भेटत आल्या आहेत. त्यातल्या एकीने सरळ विचारले, “मले खेळवतच नाही, तं नेतात कायले?”

या प्रश्नाला उत्तर द्यायचे सोडून आपण सगळे तिला उपदेश करतो. सर म्हणतात, सराव वाढव. आई म्हणते, बरं झालं, हातपाय तरी शाबूत आहेत. मैत्रिणी म्हणतात, मनावर घेऊ नको. आणि चळवळीतल्या आपण? आपल्यापुढे मारहाण आहे, दारू आहे, टाकलेल्या बायकांची पोटगी आहे, सतराव्या वर्षी ठरणारी लग्ने आहेत. त्यात शाळकरी पोरीला सामन्यात उतरू दिले नाही, हे गाऱ्हाणे कुठे बसवायचे, असे आपल्याला वाटते. मनातल्या मनात आपण ते ‘हौसेच्या’ खात्यात टाकतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो.

मैत्रिणींनो, मला हे पटत नाही. खेळायला मिळणे न मिळणे ही वाटपाची गोष्ट आहे. पाण्याचे वाटप, जमिनीचे वाटप, ताटातल्या भाजीचे वाटप हे राजकारण आहे, हे आपण तीस-चाळीस वर्षे शिबिरांतून सांगत आलो. घरात शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईला आपण कधी ‘भूक वाढव’ असा सल्ला दिला नाही. भांड्यात किती होते, आधी कुणी किती वाढून घेतले, हे आपण विचारले. मग मैदानाच्या कडेला बसलेल्या मुलीच्या बाबतीतच आपण तिच्या जिद्दीची चौकशी का करतो? भांड्यात होते तरी किती, ते आधी पाहू.

शालेय स्पर्धा बाद पद्धतीने होतात. तालुक्यात समजा सोळा शाळांचे संघ उतरले, तर विजेता ठरेपर्यंत पंधरा सामने होतात आणि त्यांतल्या पहिल्या फेरीतच आठ संघ घरी जातात. म्हणजे निम्म्या मुलींच्या वाट्याला वर्षाकाठी एकच सामना येतो. मुलींचा कबड्डीचा सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन डावांचा, मध्ये पाच मिनिटे विश्रांती. तीस मिनिटे खेळ, संपले वर्ष. आठवी, नववी, दहावी अशी तीन वर्षे धरली तर सगळा मिळून दीड तास. आमच्या झाडीपट्टीत नाटकाचा पडदा रात्री उघडतो आणि उजाडायला आले तरी बायका पोरे मांडीवर घेऊन बसलेल्या असतात. मुलीची अख्खी शाळकरी कबड्डी त्या नाटकाच्या एका तुकड्यात मावेल. आणि हा हिशेब पहिल्या सात जणींचा झाला. राखीव मुलीच्या खात्यावर तीन वर्षांचे शून्य मिनिटे.

एवढ्याशा दीड तासासाठी दोन मैत्रिणी एकमेकींशी बोलेनाशा होतात. सर अमकीचीच बाजू घेतात, तमकीचे वडील शाळेच्या समितीवर आहेत, असे सुरू होते. त्यात तथ्य कधी असते, कधी नसते. पण टंचाईत भांडण होणारच. नळाला अर्धा तास पाणी आले की बायका एकमेकींच्या घागरी ढकलतात, तेव्हा आपण त्यांना भांडकुदळ म्हणून गप्प बसत नाही. नळाला अर्धाच तास पाणी का, असे विचारत ग्रामपंचायतीवर जातो.

या टंचाईचे कारणही उघड आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ही शिडी बांधली ती वरच्या पायरीवरचा संघ निवडण्यासाठी. सुपात धान घालून पाखडतात तशी ही रीत आहे. वर उरतो तो दाणा, उडते ते फोल. राज्याचा संघ निवडायला ती चालेलही, पण गावच्या शाळेत खेळाचा तास ठेवतात तो काही राज्याचा संघ निवडण्यासाठी नाही. गणिताच्या तासाला पहिल्या सात मुलींनाच फळ्यापाशी बोलावले आणि बाकीच्यांना त्यांची दप्तरे सांभाळायला बसवले, तर पालक मुख्याध्यापकांकडे जातील. खेळाच्या बाबतीत कुणी जात नाही, कारण खेळ म्हणजे शिक्षण हे मुळात आपल्यालाच पटलेले नाही.

बायकांच्या वाट्याचा वेळ कापणे शाळेतून सुरू झाले असेही नाही, ते वरून खाली आले आहे. कबड्डीच्या वर्षानुवर्षे चालत आलेल्या नियमाप्रमाणे पुरुष आणि कुमार गटातल्या मुलांचे डाव वीस-वीस मिनिटांचे. महिला, कुमारी, आणि किशोर गटातली मुले-मुली यांचे पंधरा-पंधरा मिनिटांचे. म्हणजे वयात आलेल्या, दोन पोरांच्या आया झालेल्या बायकांची गणती लहान पोरांबरोबर! रोवणीत दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून राहणाऱ्या बाईचा दम पंधरा मिनिटांतच संपतो, हे कुणी ठरवले? आशियाई खेळांत पुरुषांची कबड्डी १९९० साली बीजिंगला आली आणि बायकांची यायला २०१० चे ग्वांगझू उजाडावे लागले. बायकांनी आल्या आल्या सुवर्णपदक घेतले, म्हणजे मधल्या वीस वर्षांत त्यांना खेळता येत नव्हते असे नाही. साऱ्या देशाच्या बायका वीस वर्षे राखीव होत्या, एवढेच. पुरुषांची प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली आणि दूरचित्रवाणीवर घरोघरी पोचली. २०१६ मध्ये तिच्याबरोबर तीन संघांची बायकांची स्पर्धा घेऊन पाहिली आणि एका हंगामानंतर ती थांबवली. तेव्हा आमच्या तालुक्यातले सर मुलींच्या सामन्याला ‘लवकर उरकून घ्या’ म्हणतात ते काही त्यांच्या मनातून आलेले नाही.

आता सराव वाढव या सल्ल्याकडे येऊ. कारण निवड शेवटी सरावावरून होते आणि वरवर पाहता ते न्यायाचेच दिसते. जी रोज येते ती खेळेल, जी येत नाही ती बसेल. यात वाईट काय?

आमचा तालुका धानाचा. नवेगावबांधचा तलाव, इटियाडोहचे धरण, गावोगावचे जुने बोडी-तलाव, आणि जिकडे पाहावे तिकडे बांध्या. शाळा जूनच्या शेवटी उघडते आणि जुलैत रोवणी सुरू होते. धानाची रोवणी हे बायकांचे काम आहे. पुरुष चिखलणी करून मोकळा होतो, पऱ्हे उपटणे आणि रोवणे बायकांकडे. त्या महिना-दीड महिन्यात घरातली प्रत्येक बाई पहाटे घराबाहेर पडते, आणि तिच्यामागे स्वयंपाक, धाकटी भावंडे, शेण-गोठा हे सगळे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीवर येते. ज्यांची स्वतःची शेती नाही त्यांच्या मुली आईबरोबर रोजीलाही जातात. शालेय स्पर्धांचा हंगाम साधारण याच पावसाळ्यात उभा राहतो. संघ निवडायचा म्हणून सर सराव घेतात तो नेमका रोवणीच्या दिवसांत. मुलग्यांना अडचण नसते, कारण त्यांच्या वाट्याला धाकटी भावंडे येत नाहीत. मुलीच्या नावापुढे मात्र ‘गैरहजर, गैरहजर’ अशी ओळ लागत जाते, आणि मग ती राखीव होते. वहीत याला ‘सरावात अनियमित’ म्हणतात. माझ्या मते ही मुलगी वर्गातल्या कुणाहीपेक्षा नियमित आहे, फक्त तिची हजेरी दुसऱ्या वहीत लागते आणि ती वही कुणी ठेवत नाही.

दुसरी गोष्ट बसची. गावातल्या मुलींनी शिकावे म्हणून मानव विकास कार्यक्रमातून निळ्या एसटी बस आल्या. आठवी ते बारावीच्या मुलींना त्यांचा फार मोठा आधार झाला आहे. केशोरी, गोठणगाव या जंगलपट्ट्याकडच्या मुलीला बस नसती तर सातवीनंतर घरी बसावे लागले असते, तेव्हा बसला बोल लावायचा माझा हेतू नाही. पण बस शाळा सुटली की निघते आणि सराव शाळा सुटल्यावर सुरू होतो. बसने येणारी मुलगी एक तर सराव करू शकते, नाही तर घरी जाऊ शकते. सायकलने येणारीला पावसाळ्यात सहानंतर जंगलाच्या रस्त्याने जायचे असते. परिणाम असा की पहिल्या सातांत बहुतेक शाळेच्याच गावातल्या मुली दिसतात, आणि खेड्यावरच्या मुली गुणी असल्या तर राखिवांत. आजूबाजूच्या शाळांच्या याद्या गावाच्या नावानिशी वाचून पाहा. आणि वाचतच आहात तर आडनावेही पाहा. कधी त्यातून काही दिसणार नाही, कधी दिसेल. ‘राखीव’ हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी चालतो, आणि दुसऱ्या अर्थाने ज्यांना टोमणे ऐकावे लागतात त्याच पोरी पहिल्या अर्थानेही बसलेल्या आढळल्या, तर सरावाचे कारण पुढे करून तो विषय मिटवू नका.

उलट उदाहरणही इथेच आहे. आदिवासी मुलींच्या आश्रमशाळांचे प्रश्न डोंगराएवढे आहेत, ते या अंकात पुन्हा सांगायची गरज नाही. पण तिथली मुलगी शाळेतच राहते. संध्याकाळी तिला बस पकडायची नसते, चूल पेटवायची नसते. आश्रमशाळांच्या वेगळ्या क्रीडास्पर्धा होतात तिथे एकदा जाऊन बसा आणि या मुलींची चढाई पाहा. हातात संध्याकाळचे दोन तास आले की काय होते, ते दिसेल.

पाळीचे, गणवेशाचे, मुतारीचे प्रश्न आहेतच. ‘पोट दुखते’ म्हणून बसून राहिलेल्या मुलीला खरे कारण पुरुष शिक्षकाला सांगता येत नाही आणि तो तिला कामचुकार समजतो. चड्डी घालून खेळायला घरचे नाही म्हणतात, आणि सलवारीत चढाई करता येत नाही. हे आपल्याला पाठ आहे, म्हणून लांबवत नाही. शाळेला मैदान असलेच पाहिजे असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. मैदान असतेही. संध्याकाळी पाच वाजता त्यावर कोण असते, ते मात्र कायद्यात लिहिलेले नाही.

कुणी म्हणेल, मोठ्या खेळाडूंनाही बसावे लागतेच की. खरे आहे. २०२५ च्या एकदिवसीय विश्वचषकाची गोष्ट घ्या. मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज त्या स्पर्धेत आधी दोनदा शून्यावर बाद झाली आणि इंदूरला इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात तिला बाहेर बसवले. २०२२ च्या विश्वचषकासाठी तर तिची संघातच निवड झाली नव्हती. पुढे ३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध उपान्त्य सामन्यात तिने नाबाद १२७ धावा काढल्या, आणि नंतर सगळ्यांसमोर सांगितले की या दिवसांत आपण फार खचलो होतो, रडत होतो. शफाली वर्माचे नाव मूळ संघात नव्हते. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून तिला बोलावले, आणि २ नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यात तिने ८७ धावा आणि दोन बळी घेतले. वर्तमानपत्रांनी या दोघींवरून संयम आणि जिद्द यांवर अग्रलेख पाडले. शाळाशाळांत ते वाचूनही दाखवले असतील.

त्या दोघींच्या जिद्दीबद्दल मला आदर आहे, आणि जेमिमाने रडल्याचे लपवले नाही याबद्दल जास्त. पण गोष्टीतला एक तपशील सगळ्यांनी सोडून दिला. जेमिमा बाहेर बसली तो सामना १९ ऑक्टोबरला झाला आणि पुढचा २३ ला होता. चार दिवसांनी न्यूझीलंडविरुद्ध ती परत मैदानात होती आणि नाबाद ७६ धावा काढून तिने आपली जागा परत घेतली. चार दिवसांनी दुसरा सामना होता म्हणून! आमच्या अर्जुनीच्या मुलीला एकदा बसवले की पुढचा सामना पुढच्या पावसाळ्यात. तोवर ती दहावी होते, आणि दहावीनंतर खेळणे सोडा, शिकणे चालू राहील की नाही तेच ठरलेले नसते. जिद्द दाखवायलासुद्धा कुठे तरी उतरावे लागते. ‘वाट पाहा’ हा सल्ला वर्षभर सामने असणाऱ्यांसाठी ठीक आहे.

अमेरिकेत शाळकरी मुलींच्या बाबतीत हे कसे बदलले ते थोडक्यात सांगते. तिथे १९७२ साली शिक्षणात लिंगभेद करायला मनाई करणारा कायदा झाला, आणि सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांना मुलींसाठीही संघ काढणे, सामने भरवणे भाग पडले. त्याआधी तिथल्या माध्यमिक शाळांच्या संघांत मिळून तीन लाखांहून कमी मुली खेळत. आज तीस लाखांहून जास्त खेळतात. तिथल्या मुलींना १९७२ साली अचानक जिद्द फुटली असे कुणी म्हणत नाही. जागा निर्माण झाली, तशा मुली आल्या.

आता ज्या कारणासाठी हा विषय आपल्या संघटनांचा आहे असे मला वाटते, त्याकडे येते. जिथे टंचाई असते तिथे वाटणाऱ्याच्या हातात सत्ता जाते. संघाची यादी एक माणूस करतो, बहुधा पुरुष. ती कशी केली हे त्याला कुणी विचारत नाही. मुलीला वाटत असते की यादीवर आपले प्रमाणपत्र, परीक्षेतले सवलतीचे गुण, उद्याची खेळाडू कोट्यातली पोलीसभरती, सगळे टांगलेले आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा असतात, हे आमच्याकडच्या मुलींना तोंडपाठ आहे. अशा मुलीला ‘मी सांगतो तसे कर, तर खेळवीन’ असे म्हणणे किती सोपे आहे, याचा विचार करा. पुष्कळ शिक्षक सरळ असतात. पदरचे पैसे घालून मुलींसाठी गुडघ्याचे पट्टे आणणारे शिक्षक मी पाहिले आहेत. पण सरळ माणूस भेटण्यावर मुलीची सुरक्षितता अवलंबून ठेवायची नाही, हेच तर आपण इतकी वर्षे सांगत आहोत. २०२३ मध्ये देशाच्या नामांकित महिला कुस्तीगीर जंतरमंतरवर बसल्या. महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर त्यांनी लैंगिक छळाचे आरोप केले, आणि २८ मेला पोलिसांनी त्यांना रस्त्यावरून उचलले ते आपण पाहिले. जगात पदके मिळवलेल्या बायकांना बोलायला इतकी वर्षे लागली. मग आठवीतली मुलगी काय बोलेल? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात क्रीडासंस्था, क्रीडांगणे आणि स्पर्धेची ठिकाणे स्पष्ट शब्दांत धरली आहेत, आणि अठरा वर्षांखालच्या मुलींसाठी २०१२ चा पॉक्सो आहे. आपण हे कायदे अंगणवाडीताईंना, बचत गटांना समजावतो. शाळेच्या कबड्डी संघाला समजावायला आपल्यातली कोण गेली?

म्हणून यादी कशी ठरते, हे विचारायची सवय मुलींना लागली पाहिजे. राखीव मुलीने काय करावे, असे मला विचारतात तेव्हा मी सांगते की रडू आले तर रड, पण मग एक वही कर. सरावाला कोणत्या दिवशी गेलीस, कोणत्या दिवशी नाही आणि का नाही, सामने किती झाले, तुला किती मिनिटे मिळाली, सगळे लिही. महिन्याभराने ती वही घेऊन सरांकडे जा. एकटी जाऊ नको, दोघीतिघी जा, आणि मैदानातच बोला, बंद खोलीत नाही. ‘मला का खेळवत नाही’ असे विचारले की उत्तर ‘पुढच्या वर्षी बघू’ असे येते. त्यापेक्षा ‘सर, तुम्ही मला कोणत्या जागेसाठी तयार करता आहात? कोपऱ्यात की मध्ये? पकड कमी पडते की चढाईत दम?’ असे विचारा. या प्रश्नाला उत्तर देताना शिक्षकालाही विचार करावा लागतो. आईने शाळेत जाऊन भांडावे असे माझे मत नाही. पण आईने एकदा सामना पाहायला जावे. मुलीला कडेला बसलेली आईने पाहणे आणि आई पाहते आहे हे सरांनी पाहणे, या दोन्हींचा उपयोग होतो.

शिक्षकांचे म्हणणे असते की एकच सामना मिळणार, हरलो तर बाहेर, मग कच्च्या मुलीला उतरवून पक्क्या मुलींचे नुकसान का करायचे? हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. पहिल्या सातांतल्या मुलीही घाम गाळूनच तिथे आल्या आहेत, त्यांनाही जिंकायचे असते, आणि मुलींना जिंकायची हाव असावी असे मला मनापासून वाटते. जिल्ह्याच्या, विभागाच्या सामन्यात सर्वांत चांगल्या सात उतराव्यात. पण तालुक्यापर्यंत तरी बाराही जणी खेळल्या पाहिजेत. याला नियम आड येत नाही. कबड्डीत पाच राखीव असतात आणि पाच बदल्या करायची मुभा असते. विश्रांतीत किंवा टाइम-आउटमध्ये पंचांना सांगून त्या करता येतात, बाद होऊन बसलेल्या खेळाडूच्या जागी तेवढी बदली चालत नाही. म्हणजे बाराही मुलींना एकाच सामन्यात उतरवायची सोय नियमपुस्तकात आयती आहे. ती वापरली जात नाही, एवढेच.

आणि सामने वाढवणे तर आपल्या हातातले आहे. पाच-सहा शाळा मिळून साखळी पद्धतीने खेळल्या तर प्रत्येक संघाला चार-पाच सामने मिळतात, आणि त्याला मंत्रालयाची परवानगी लागत नाही. सराव शाळेच्या वेळापत्रकात, शेवटच्या दोन तासिकांत घ्या, म्हणजे बसची अडचण सुटते. मुख्याध्यापकांना हे पटवायला शाळा व्यवस्थापन समितीतल्या आया पुरेशा आहेत. त्या समितीत निम्म्या बायका असाव्या लागतात, आणि बहुतेक ठिकाणी त्यांना फक्त सहीला बोलावतात. एकदा या विषयावर बोलायला जा.

धान घरात आले की दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, दंडार होते, नाटक होते, आणि थंडीच्या दिवसांत ठिकठिकाणी पुरुषांचे कबड्डीचे सामने रात्रीच्या उजेडात रंगतात. वर्गणी घरटी घेतात, म्हणजे ती बायकांच्याही घामाची असते. रोवणी आणि कापणी दोन्ही उरकल्याने मुलींना थोडी उसंत असते ती याच दिवसांत. तेव्हा यंदा गटाच्या बैठकीत एवढा ठराव करा की आपली वर्गणी द्यायची ती दिवसाउजेडी शाळकरी मुलींचे सामने ठेवले तरच. बाराही मुली उतरवल्याशिवाय संघाला बक्षीस नाही, ही अट आधीच छापा. पंच म्हणून जुन्या खेळाडू बायका शोधा. लग्न होऊन गेलेल्या, एके काळी जिल्ह्यापर्यंत खेळलेल्या दोनचार जणी प्रत्येक गावात निघतात आणि त्यांना कुणी विचारलेले नसते. एक लक्षात ठेवा. पुरुषांचे मैदान तेरा मीटर बाय दहाचे असते, बायकांचे बारा बाय आठचे. मंडळाची पोरे आदल्या रात्रीच पुरुषांचे मैदान चुन्याने आखून ठेवतात. ते पुसून नव्याने आखायला अर्धा तास तरी जातो, तो कार्यक्रमात आधीच धरा, नाही तर तेवढ्या कारणावरून मुलींचा दुसरा डाव कापतील.